कॅन अर्धाच होता

जळीत विभागातल्या आहारतज्ज्ञाचं निम्मं काम लघवीवर चालतं, हे बाहेर कुणाला पटत नाही. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची, तिच्यातला युरिया-नायट्रोजन काढायचा, वर घाम-शौचाचे 4 ग्रॅम धरायचे. पोटात गेलेल्या प्रथिनांना 6.25 ने भागून त्यांतला नायट्रोजन काढायचा आणि त्यातून हे वजा करायचं. हा नायट्रोजनचा तोल. उत्तर उणे आलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडतंय.

निफाडकडचे द्राक्षबागायतदार, 60 किलो, 30 टक्के भाजलेले. श्रावण म्हणून अंडी बंद. प्रथिनं 90 ते 120 ग्रॅम हवीत, जात होती 68. त्यात ड्रेसिंगसाठी मध्यरात्रीपासून उपाशी ठेवतात आणि नंबर लागतो दुपारी. यावर मी भांडून थकले आहे.

रिपोर्ट आला 7 ग्रॅम. 10.9 वजा 11, म्हणजे तोल जवळपास बरोबर. मी निर्धास्त झाले.

चार दिवसांनी ड्रेसिंगच्या वेळी त्यांच्या मांड्या पाहिल्या आणि चार्ट मागवला. सिस्टरांनी त्या दिवशीची लघवी 1900 मिली लिहिली होती, लॅबला पोचली 900. रात्रीची लघवीची पिशवी वॉर्डबॉय मामांनी रोजच्यासारखी ओतून दिली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन आकडे शेजारी ठेवून बघणं माझं काम होतं.

पुन्हा कॅन लावला. धाकट्या भावाने विचारलं, "मॅडम, युरिया म्हणजे गोणीतला?"

"तोच. 46 टक्के नायट्रोजनवाला."

"मग दादाच्या अंगात कुठून आला?"

सांगितलं: जखम भरायला ग्लुटामिन लागतं. एरवी शरीर ते स्वतः बनवतं, पण एवढं भाजल्यावर पुरत नाही, मग स्नायूंतून उपसतं. लायसिनसारखी नऊ अमिनो आम्लं तर बनवताच येत नाहीत, आणि तुमच्या पेजेत लायसिन तोकडं. स्नायू मोडले की उरलेल्या नायट्रोजनचा यकृत युरिया करतं.

तो रात्रभर कॅनपाशी बसला. प्रत्येक वेळ झाकणावर पेनने लिहिली.

14.5 ग्रॅम. तोल उणे 7.6. रोजचं साधारण सव्वादोनशे ग्रॅम मांस, जखमेतून झिरपणारं वेगळंच.

त्याच रात्री नळीतून फीड सुरू केलं. अंड्यांवरची बंदी त्यांच्या आईनेच उठवली, "देवाला मी सांगते" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तोल वर आला.

माझ्या डोक्यात मात्र ते आधीचे चार दिवस आहेत. नऊशे ग्रॅम.