तुम्ही विचारलंत म्हणून : विहीर पुन्हा कशाला मोजायची?

भूजल सर्वेक्षणाचे आकडे शासनाकडे असतातच, पावसाच्या नोंदीही तालुक्याला मिळतात. मग गावकऱ्यांच्या हाती दोरी देऊन विहिरी पुन्हा मोजायला का लावता, असे मला जवळजवळ प्रत्येक बैठकीनंतर विचारले जाते.

याचे अर्धे उत्तर आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांमध्ये साठते, त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये आटते आणि दुसरी मे महिन्यातही उपसा देते. महसूल मंडळाचे पर्जन्यमापक अनेक गावांचा पाऊस एकट्याने सांगते. तो आकडा खोटा नसतो. पण यंदा गहू किती एकर करायचा, हे ठरवणाऱ्या ग्रामसभेला तो पुरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे, जेथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरवली जातात, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे. ताळेबंदाचा पाया शाळकरी मुलांनाही समजेल असा आहे : एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्यातून वाफ होणारे आणि वाहून जाणारे वजा करायचे, माणसांचे व जनावरांचे बाजूला काढायचे. उरेल ते शेतीचे.

उरलेले अर्धे उत्तर विश्वासाचे आहे, आणि ते मी उशिरा शिकलो. पूर्वी मी गावोगाव रंगीत नकाशे घेऊन जात असे. लोक कौतुक करीत, पोहे खाऊ घालीत, आणि आपल्या मनानेच पेरणी करीत. आता सकाळी मोटारी सुरू होण्याआधी त्या त्या गावचीच मुले कठड्यावर रंगवलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतात आणि चावडीच्या फळ्यावर लिहितात. विहिरीची खोली परसांत, म्हणजे जुन्या मापात, सांगणारे म्हातारे तो आकडा दोनदा तपासतात, कुरकुर करतात. पण स्वतःच्या नातवाने काढलेला आकडा सहसा कोणी नाकारत नाही.

सगळे जमतेच असे नाही. एका गावात तीन वर्षे विहिरींच्या नोंदी चोख आहेत, मात्र बोअरच्या रकान्यात स्वतःहून कोणी काही लिहीत नाही. तेथील ग्रामसेवक तो रिकामा रकाना दरवर्षी, मालकांच्या नावांसह, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवतात.