अर्ध्या मिलिमीटरचा गोट : आमची वाटचाल

आम्ही बोटाएवढे ऐतिहासिक पुतळे करतो. त्यांच्या चिलखताच्या पत्र्याला जो उठावाचा काठ असतो, त्याला आमच्या कारखान्यात गोट म्हणतात. शब्द माझ्या आईचा. ती ब्लाउज शिवायची. पुट्टीची वळी करून ढालीच्या कडेने बसवताना तिने मला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "गोट घातलास की रे." तेव्हापासून बाकीचे काहीही म्हणोत, आमच्याकडे गोटच.

वडील दिवाळीच्या किल्ल्यांसाठी प्लास्टरचे मावळे करायचे. गणपती उठले की काम सुरू, वसुबारसेला संपलं. उरलेलं वर्ष मिळेल ते. मला बारा महिने चालेल असं काम हवं होतं, म्हणून 75 मिलिमीटर उंचीचा सरदार केला. साखळ्यांचं चिलखत, त्यावर चार-आईना, म्हणजे छातीभोवतीचे चार पत्रे, कमरेला पटका. संग्राहकांसाठी, रेझिनमध्ये.

75 मिलिमीटर म्हणजे साधारण 24 पट लहान. मूळ पत्र्याचा काठ 12 मिलिमीटर रुंद असला तर आमचा गोट अर्धा मिलिमीटर. रुंदीचं गणित सरळ आहे, उंचीचं नाही. काठ 2 मिलिमीटर उचललेला असेल तर हिशेबाने 0.08 येतो, आणि रंगाचे दोन हात दिले की तो दिसतच नाही. म्हणून आम्ही पाव मिलिमीटर ठेवतो. माप खोटं असतं, पण डोळ्याला तेच खरं वाटतं. केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काचेला नाक लावून मी हे काठ तासन्‌तास पाहिले आहेत. ज्याने पाहिले नाहीत त्याचा गोट लगेच ओळखू येतो : सगळीकडे सारख्या जाडीचा, कोपऱ्यात गोल झालेला.

सुरुवातीला एम-सील वापरलं. ते रवाळ, पातळ कड कापताना तुकडा पडतो. मग ग्रीन स्टफ मागवायला लागलो, निळा आणि पिवळा भाग एकत्र मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी. पट्टी घेतलीत तर दोन रंग जिथे चिकटलेले असतात ती मधली रेघ आधी कापून टाका. तिथली पुट्टी डब्यातच कडक झालेली असते आणि तिचे कण ऐन गोटात वर येतात. निळा थोडा जास्त घ्या, धार चांगली राहते. वळी पातळ लाटून बसवा, दाबून सपाट करा, आणि अर्धवट आवळली की ओल्या पात्याने दोन्ही बाजू कापा. लगेच कापायला गेलात तर ती पात्याबरोबर ओढली जाते. पाणी अगदी बेताने, नाहीतर गोट पत्र्याला धरत नाही.

हत्यारं साताऱ्याच्या डॉक्टरांची. ते दंतवैद्य, आमचे तिसरे गिऱ्हाईक. पहिला सरदार घ्यायला आले तेव्हा माझ्या हातात घासून चपटी केलेली सुई होती. पुढच्या वेळी त्यांनी रुमालात बांधून मेण कोरायचा लेक्रॉन, घासून गुळगुळीत करायचा गोल टोकाचा बर्निशर आणि दोन प्रोब, म्हणजे टोकदार सळ्या, आणले. म्हणाले, "दातावर आम्ही हेच करतो, फक्त पेशंट हलतो." लेक्रॉनचं पातं इतक्या वर्षांत घासून निम्मं झालं आहे. तरी कोपऱ्याचा तिरका जोड मी दुसऱ्या कशानेही करत नाही.

मधली पाच-सहा वर्षं बरी गेली.

मग तो व्यापारी. नाव घेत नाही. महिन्याला 40 नग उचलायचा, साठ दिवसांच्या उधारीवर. एकदा फोटोसाठी म्हणून बिनरंगाचा, स्वच्छ ओतलेला एक सरदार मागितला. मी दिला. सहा महिन्यांत त्याची मागणी थांबली आणि प्रदर्शनात माझाच सरदार निम्म्याहून कमी किमतीला दिसला. माझाच, हे मी शपथेवर सांगतो. डाव्या काखेखालच्या पत्र्यावर, गोटाच्या जोडाशी, माझी सुई घसरून एक चंद्रकोर उमटली होती. त्याच्या नगावर तीच चंद्रकोर, तिथेच. व्हर्नियर लावला तर नग माझ्यापेक्षा पाऊण मिलिमीटर बुटका. नगावरून साचा काढून पुन्हा ओतलं की माल आक्रसतो, तो आक्रसला होता. आणि गोट वापरलेल्या साबणासारखा मऊ झाला होता.

जाब विचारला तर म्हणाला, "इतिहास काय तुमच्या एकट्याचा आहे?" इतिहास सगळ्यांचा आहे. गोट माझा होता. त्याच्याकडे अडकलेले दोन लाख दहा हजार आजतागायत आले नाहीत.

वकिलांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 15 दाखवलं. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी वस्तू नोंदवली नाही आणि कारखानी पद्धतीने तिचे 50 हून जास्त नग काढले, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. आम्ही शेकड्यांनी विकले होते. आमचा सरदार शिल्प की डिझाइन, यावर कोर्टात वर्षं गेली असती. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी पहिला नग विकण्याआधी वकिलाकडे जावं, नंतर नव्हे. आणि बिनरंगाचा नग सख्ख्या भावालाही देऊ नये.

दिवाळीच्या आत नवा सरदार काढून त्याला उत्तर द्यायचं ठरवलं. चार-आईना, दस्ताने, ढाल, सगळ्यांना गोट. बावीस दिवस बसलो. श्रावण होता, हवा दमट, आणि मी घाईत होतो. शेवटच्या दोन पत्र्यांचे गोट रात्री घातले आणि सकाळी साच्यासाठी त्यावर प्लॅटिनमचं सिलिकॉन ओतलं. नीट न आवळलेल्या इपॉक्सी पुट्टीतलं अमाईन नावाचं रसायन त्या सिलिकॉनला जमू देत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी ओतलं. साचा उघडला तर सगळीकडे घट्ट, आणि नेमका त्या दोन गोटांभोवती चिकट गोंद. पुसताना दोन्ही गोट निघून आले, साखळ्यांवरचं कामही गेलं. आगाऊ घेतलेले पैसे सिलिकॉन-रेझिनमध्ये संपले होते. त्या आठवड्यात बायकोच्या हातातले सोन्याचे गोट गहाण पडले. ती काही बोलली नाही, फक्त गोटांच्या रिकाम्या जागी पाटल्या पुढे सरकवल्या.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं की यंदा नग मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले आणि दहा नगांचे पूर्ण पैसे टेबलावर ठेवले, जे नग अजून कुठेच नव्हते. त्या पैशांवर तिसरा मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो मूळ नग, उभा राहिला. तो चार दिवस साठ वॅटच्या बल्बखाली खोक्यात ठेवला, आधी एका कोपऱ्यावर सिलिकॉनचा थेंब टाकून पाहिला, मगच ओतला. तेव्हापासून हाच नियम आहे. पोरं कंटाळतात, तरी आहे. डाव्या काखेखालची चंद्रकोर आता प्रत्येक मास्टरवर मी स्वतः कोरतो.

हिचे गोट दीड वर्षाने सुटले. आता रोज हातात असतात.

सध्या पाखर, म्हणजे घोड्याचं चिलखत, घातलेला घोडा चालू आहे. एकतीस पत्रे, त्यातल्या सतरांचे गोट झालेत. डॉक्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळा नीट झाला की आधी मानेवरचे पत्रे बघायला येतो, असा त्यांचा निरोप आहे. म्हणून मानेपासून सुरुवात केली.