कॉलेज करून उपयोग आहे का?

मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीवर बसते. बारावीचा निकाल लागला की फॉर्म देता देता कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "मॅडम, खरं सांगा, याचा उपयोग होतो का? डिग्री घेऊन घरी बसलेली पोरं दिसतात." मागे रांग असते, तिथे धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे देते.

उपयोग होतो, पण मूल रोज कॉलेजात येणार असेल तर.

हे सांगावं लागतं, कारण नुसतं नाव घालून ठेवणारी मुलं पुण्यात खूप आहेत. गावाकडून येतात, बीएला प्रवेश घेतात आणि सकाळी सातला सदाशिव पेठेतल्या नाहीतर नवी पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. राज्यसेवेच्या स्पर्धा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणून ती 'काढून ठेवायची'. कॉलेजची फी, कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं, मेस, अभ्यासिका, क्लास हे सगळं वडील भरतात. मुलगा आम्हाला दिसतो तो परीक्षेचा फॉर्म भरताना आणि हॉल तिकीट न्यायला. तीन वर्षांनी हातात गुणपत्रिका येते, पण त्याला नावाने ओळखणारा एकही शिक्षक नसतो. स्पर्धा परीक्षा पास झाला तर आनंदच आहे. नाही झाला, तर त्या तीन वर्षांत दुसरं काय शिकला, याला त्याच्याकडे उत्तर नसतं. अशी मुलं दाखल्यासाठी पुन्हा खिडकीशी येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

पदवी फक्त पात्रतेपुरतीच हवी असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रं पुण्यातही आहेत आणि ती पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. काम करत करत ती घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

रोज येणाऱ्या मुलांचं मात्र काय होतं, ते मी याच खिडकीतून बघते. पहिल्या वर्षी बोनाफाइड मागायलाही मैत्रिणीला पुढे करणारी मुलगी तिसऱ्या वर्षी पुनर्मूल्यांकनाचा नियम आम्हालाच वाचून दाखवते. हे कुठल्या पेपरात शिकवत नाहीत. वर्गात उठून प्रश्न विचारताना, शिबिरात चाळीस जणांचा स्वयंपाक सांभाळताना, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत दिवसच्या दिवस एकच वाक्य घासताना ते येतं. ती स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिथे नट झालेले थोडे, पण चारचौघांत न घाबरता उभं राहायला शिकलेले किती तरी असतील. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, त्यांना हे दुसरीकडे कुठे मिळणार? शहरातल्या सुशिक्षित घरातल्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावरही मिळतं. म्हणून 'कॉलेजात काही शिकवत नाहीत' हे वाक्य कोण म्हणतंय, ते आधी बघत जा.

मुलींच्या बाबतीत तर माझ्या मनात शंकाच नाही. 'अजून शिकतेय' हे एक वाक्य कितीतरी घरांत स्थळं थोपवून धरतं. ती तीन-चार वर्षं तिची स्वतःची असतात.

ज्याचा हात कामात चालतो आणि पुस्तकात जीव रमत नाही, त्याला मात्र ओढून बीकॉमला बसवू नका. औंधचं आयटीआय आहे, भोसरी-चाकणला कारखाने आहेत, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली काम शिकताना विद्यावेतन मिळतं. पुढचा रस्ताही बंद होत नाही: आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. हे पालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा सैल पडतो.

पैशाचं म्हणाल, तर शेत विकून मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेऊ नका. हे मी कळकळीने सांगते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृहाचं आणि जेवणाचं ओझं शुल्काहून जड होतं, म्हणून १९५५ पासून गावाकडच्या मुलांना सांभाळणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडे वेळेत अर्ज करा. विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करा, दिवाळीनंतर नको.

आणि राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल, तर जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच भरा. जात पडताळणी समितीकडे वेळ लागतो, आणि मार्क असूनही त्या एका कागदापायी जागा गेलेली मुलं मी दरवर्षी बघते.