डोळे नसलेला माणूस

"आई, याला डोळेच नाहीत. मग हा बघतो कशानं?"

हाँगकाँगचा शेअर बाजार आहे त्या एक्स्चेंज स्क्वेअरमध्ये, शिल्पकार जु मिंग यांच्या 'ताय-ची' (संथ हालचालींची चिनी युद्धकला) शिल्पापुढे लेक अडूनच बसली. खरंच चेहरा नाही, बोटं नाहीत. गुडघा वाकलेला, हात पसरलेला. एवढं जड ब्राँझ, तरी आत्ता वळेल असं वाटतं.

जु मिंग तैवानचे. लाकूड कोरण्यापासून सुरुवात केली. गुरू यांग यिंग-फेंग यांनी तब्येतीसाठी ताय-ची करायला सांगितलं आणि त्या सरावातून ही शिल्पमालिका निघाली. पुढे मोठ्या आकृत्यांसाठी ते थर्माकोल कापायचे, मग त्यावरून ब्राँझचं ओतकाम. म्हणूनच अंगावर त्या फाडल्यासारख्या खुणा. मला त्याच फार आवडतात! घासून गुळगुळीत केलं असतं तर सगळा जोर गेला असता.

लेकीचा प्रश्न मात्र दिवसभर डोक्यातून जाईना. ताय-चीच्या मुळाशी ताओ हा जुना चिनी विचार आहे. त्यात बळ म्हणजे ताठ उभं राहणं नव्हे, येणाऱ्या जोराबरोबर वळणं. मग या ब्राँझच्या माणसाला डोळे वटारून काय करायचंय? अख्खं अंगच सावध आहे त्याचं. आणि हे शेअर बाजाराच्या दारात!

२०२३ मध्ये जु मिंग गेले. तैवानमध्ये जिनशानला त्यांचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन आलेलं कुणी आहे का इथे? लेकीला घेऊन जायचंय.