वजाबाकीतून उरलेला आवाज : गिटार कॅबिनेटचे आयआर टिपतानाची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्याकडे चाळीसेक आयआर फायली (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे गिटारच्या स्पीकरची पेटी, अर्थात कॅबिनेट, आणि माइक मिळून आवाजाला जो आकार देतात त्याची संगणकात वापरता येणारी नोंद) जमल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही माझा पुरता विश्वास नव्हता. वाजवताना त्या वाईट लागत होत्या असे नाही. दोन-तीन तर चांगल्याच रंगत होत्या. परंतु कॅबिनेटसमोर ठेवलेल्या माइकमधून जे येते तेच या फायलींतून येते का, या प्रश्नाला ‘साधारण तसेच’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून या खेपेला नवे आयआर टिपण्याआधी ते तपासण्याची एक पद्धत ठरवली, आणि गेले सहा आठवडे त्या पद्धतीने उघड्या पाडलेल्या चुका निस्तरण्यातच गेले.

पद्धत सोपी आहे. गिटारचा एक मिनिटाचा कोरा ट्रॅक, म्हणजे पिकअपमधून थेट घेतलेला, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायचा. तो पॉवर ॲम्प, स्पीकर आणि माइक यांतून प्रत्यक्ष फिरवून परत मुद्रित करायचा, आणि तोच कोरा ट्रॅक संगणकात आयआरमधून काढायचा. दोन्हींची पातळी व वेळ जुळवून एकाची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटी केली आणि दोन्ही एकत्र मिळवले, की वजाबाकी होते. आयआर अचूक असेल तर हाती शांतता यावी. माझ्या पहिल्या वजाबाकीत उरलेला आवाज, म्हणजे अवशेष, मूळ आवाजापेक्षा जेमतेम ९ डीबी (डेसिबल) खाली होता. व्होल्टेजच्या हिशोबात मूळ आवाजाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग जुळतच नव्हता.

मांडणी थोडक्यात सांगतो. मागून बंद असलेले, १२ इंची एकच स्पीकर असलेले कॅबिनेट. त्यात ८ ओहमचा सेलेश्चन व्हिंटेज ३०. जाळीपासून २५ मिमीवर शुअर एसएम५७. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर चालणारा ऑडिओ इंटरफेस. मोजणीसाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर. स्वीप, म्हणजे स्पीकरमधून वाजवायचा खालून वर चढत जाणारा सूर, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, २० सेकंदांचा आणि लॉगरिदमिक. हा विस्तार जवळजवळ दहा सप्तकांचा (दर सप्तकाला वारंवारता दुप्पट) असल्यामुळे प्रत्येक सप्तकाला दोन सेकंद मिळतात, आणि हा आकडा पुढे फार कामाला आला. लॉगरिदमिक स्वीपचा खरा फायदा अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत आहे: डीकन्व्होल्यूशन केल्यावर, म्हणजे मुद्रित आवाजातून मूळ स्वीप गणिताने वेगळा करून आयआर काढल्यावर, स्पीकरचे विरूपण मुख्य आयआरमध्ये मिसळत नाही, तर प्रत्येक हार्मोनिक (विरूपणातून उठणारा, मूळ वारंवारतेच्या पटीतला सूर) त्याच्या आधी, ठरलेल्या अंतरावर, वेगळा उभा राहतो. माझ्या स्वीपमध्ये दुसरा हार्मोनिक मुख्य शिखराच्या सुमारे दोन सेकंद आधी येतो आणि तिसरा सुमारे ३.१८ सेकंद आधी. मुख्य शिखरापासून पुढचा भाग कापून घेतला की रेषीय वर्तन, म्हणजे पातळी बदलली तरी न बदलणारे, तेवढे हाती राहते. (स्पीकरच्या कागदी भागाला आपण सगळेच बोलताना कोन म्हणतो, पण लिहिताना माइकचा कोन आणि स्पीकरचा कोन यांचा घोळ होतो, म्हणून इथे मी शंकू असेच लिहिणार आहे.)

पहिली चूक वेळेची निघाली, आणि ती शोधायला मला दोन आठवडे लागले याची थोडी लाज वाटते. इंटरफेसचा विलंब मोजण्यासाठी दुसऱ्या चॅनेलवर लूपबॅकची (आउटपुट थेट इनपुटला जोडणारी) केबल लावलेलीच होती, त्यामुळे वेळेचा प्रश्न संपला असे मी धरून चाललो होतो. पण स्वीप मी एका संध्याकाळी घेतला होता आणि गिटारचा ट्रॅक दुसऱ्या दिवशी फिरवला होता. दरम्यान माइक स्टँडचा लांब आडवा दांडा स्वतःच्या वजनाने किंचित वाकून माइक तीन-चार मिमी मागे सरकला होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या एका सॅम्पलच्या (दोन लागोपाठच्या डिजिटल मापांमधल्या) काळात साधारण ७ मिमी. साडेतीन मिमी म्हणजे अर्धा सॅम्पल. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. हिशोब केला तर अर्ध्या सॅम्पलच्या फरकाने १ किलोहर्ट्झला वजाबाकी २४ डीबीच्या खाली जाऊ शकत नाही, आणि ५ किलोहर्ट्झला तर ती १० डीबीवरच अडते. माझ्या अवशेषात नेमका वरचा भाग चरचरत होता, तो का, हे तेव्हा कळले. आता दांडा आखूड केला आहे, स्टँडच्या पायावर वजन ठेवले आहे, आणि स्वीप व चाचणी एकाच बैठकीत, मध्ये कशालाही हात न लावता घेतो. पातळीचेही तसेच आहे: अर्ध्या डीबीचा फरक राहिला तरी वजाबाकी २५ डीबीवर थांबते, त्यामुळे कानाने पातळी जुळवणे सोडून दिले आहे.

वेळ जुळल्यावर वरचा चरचराट बराच ओसरला, पण अवशेषात दोन फुगवटे तसेच राहिले: एक ११० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा ३ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू चढत जाणारा. या नोंदीत सर्वात महत्त्वाचे मला हेच वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. स्वीप मी ट्रान्झिस्टरच्या पॉवर ॲम्पवर घेतला होता आणि गिटारचा ट्रॅक मात्र, रोजच्या सवयीने, ट्यूब ॲम्पच्या इफेक्ट्स रिटर्नमधून (थेट पॉवर ॲम्पच्या भागात जाणाऱ्या जोडणीतून) फिरवला होता. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी तो सगळीकडे ८ ओहमचा नसतो. अनुनादाच्या जागी, म्हणजे ज्या वारंवारतेला शंकू आपसूक सर्वात जास्त डोलतो तिथे, त्याचा इम्पीडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) कित्येक पटींनी वाढतो, आणि वरच्या पट्टीत व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे तो पुन्हा चढत जातो. व्हिंटेज ३० चा मोकळ्या हवेतला अनुनाद ७५ हर्ट्झला असतो. बंद पेटीत कोंडलेल्या हवेच्या ताणाने तो वर सरकतो, आणि माझ्या पेटीत तो ११० च्या घरात येतो. ट्रान्झिस्टर ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स अगदी कमी असल्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स कितीही बदलला तरी स्पीकरला मिळणारे व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स मोठा, त्यामुळे व्होल्टेज स्पीकरच्या इम्पीडन्समागे धावते आणि ज्या जागी इम्पीडन्स जास्त त्या जागी आवाजही उचलला जातो. माझे दोन फुगवटे म्हणजे स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेखच होता.

यातून जो निर्णय घ्यावा लागतो तो आवडीनिवडीचा नाही, वापराचा आहे. ट्यूब ॲम्प लावून आयआर टिपला, तर ते फुगवटे फाइलमध्ये कायमचे बसतात. पुढे तीच फाइल कोणी रिॲक्टिव्ह लोडबॉक्ससोबत (ट्यूब ॲम्पला स्पीकरऐवजी जोडायचा, त्याच्यासारखाच इम्पीडन्स दाखवणारा डबा), किंवा पॉवर ॲम्पचा भाग सुरू ठेवलेल्या मॉडेलरसोबत (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) वापरली, तर तेच फुगवटे दुसऱ्यांदा लागतात आणि खालचा भाग घुमू लागतो. उलट, साध्या रेझिस्टरच्या लोडवर सपाट आयआर वापरला, तर आवाज कोरडा आणि बसका लागतो. मी सर्व आयआर ट्रान्झिस्टर ॲम्पवरच टिपायचे ठरवले आहे, कारण फुगवटा नंतर घालता येतो, पण आत भिनलेला काढणे कठीण. फाइलच्या नावातच ॲम्पचा प्रकार लिहितो. माझ्या जुन्या चाळीस फायलींत ही नोंद नव्हती, म्हणून त्या सगळ्या पुसल्या. (ज्यांना ट्यूब ॲम्पवरच टिपायचे असेल त्यांनी केबल बदलताना ॲम्प बंद करावा, लोडशिवाय चालू राहिलेला ट्यूब ॲम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो.)

चौथ्या आठवड्यात एक वेगळीच गंमत झाली. डीकन्व्होल्यूशननंतर मुख्य शिखराच्या आधी हार्मोनिकची दोन-तीन नीटस टोके दिसावीत, तर तिथे खुरटे गवत उगवल्यासारखा गोंधळ दिसत होता. स्वीप पुन्हा लावला आणि कान टवकारून ऐकत बसलो. सातवा सेकंद भरण्याच्या किंचित आधी, क्षणभरच, तारेवर कागद घासल्यासारखी ‘झर्र’ आली आणि गेली. दोन सेकंदांना एक सप्तक या हिशोबाने ६.६ व्या सेकंदाला स्वीप २०० हर्ट्झच्या जवळ असतो. मग त्याच वारंवारतेचा स्थिर सूर लावला आणि कॅबिनेटभोवती हात फिरवू लागलो. मागची फळी दाबली, फरक नाही. जाळीची चौकट दाबली, फरक नाही. उजव्या बाजूच्या लोखंडी मुठीवर अंगठा टेकवला आणि झरझर तत्क्षणी थांबली. चारपैकी एक स्क्रू पाव फेरा सैल होता. गिटार वाजवताना ही झरझर मला आजवर कधीच जाणवली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक बैठकीआधी एक स्वीप फक्त ऐकण्यासाठी वाजवतो.

आयआरच्या लांबीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. १०२४ सॅम्पल म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २१ मिलिसेकंद, आणि एवढ्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झपेक्षा बारीक तपशील मावत नाही. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची आणि पेटीचा अनुनाद ११० चा, म्हणजे दोहोंमधले अंतर या लांबीत धड उमटतही नाही. २०४८ सॅम्पलला परिस्थिती बरी होते. मूळ फाइल मी अर्ध्या सेकंदाची जपून ठेवतो, आणि वापरायची प्रत शेवटाला हळुवार उतार देऊन तिच्यातून कापतो.

उष्णतेचा मुद्दा मात्र मी सुरुवातीला हसण्यावारी नेला होता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. व्हॉइस कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध जवळजवळ वीस टक्के वाढतो आणि पातळी दीडेक डीबीने घसरू शकते. थंड स्पीकरवर स्वीप आणि तापलेल्या स्पीकरवर गिटार, अशी तुलना केली की वजाबाकी बिघडणारच. आता वीस मिनिटे वाजवून स्पीकर ऊबदार केल्यावरच स्वीप घेतो. पंखाही बंद ठेवतो, कारण हलत्या हवेमुळे दर स्वीपला वरच्या पट्टीची फेज (तरंगाची वेळेतली जागा) थोडी बदलते. याच कारणाने छोट्या स्वीपांची सरासरी काढण्यापेक्षा एकच लांब स्वीप मला अधिक भरवशाचा वाटतो. लांबी दुप्पट केली की सिग्नल आणि नॉइझ यांतले अंतर ३ डीबीने वाढते, शिवाय हलक्याशा बदलांची खिचडीही होत नाही.

एवढे सगळे झाल्यावर मध्यम पातळीवर वाजवलेल्या ट्रॅकची वजाबाकी २७ डीबीपर्यंत गेली. ॲम्प वाढवून जोरात फिरवलेल्या ट्रॅकला ती १८ डीबीवर येऊन थांबते, आणि ते तसेच राहणार आहे. शंकू जास्त हलू लागला की स्पीकर रेषीय राहत नाही, आणि आयआर ही मुळातच रेषीय व्यवस्थेची नोंद आहे. या अवशेषाला कान लावून ऐकले तर त्यात गिटारची ओळखू येणारी लकेर नाही. प्रहाराच्या क्षणी उठणारा एक धुरकट गुरगुराट तेवढा आहे. तो मला नकोसा वाटत नाही, पण आयआरकडून त्याची अपेक्षा ठेवणे सोडून दिले आहे.

मग अखेरीस शेवटच्या आठवड्यात संगीताकडे वळलो. जाळीवर टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकला की डस्ट कॅपची (शंकूच्या मधोमध असलेल्या टोपीची) कडा दिसते. त्या कडेवर कागदी चिकटपट्टीने खूण करून तिथून बाहेरच्या दिशेला दर ५ मिमीला एक याप्रमाणे सात आयआर टिपले. कडेवरचा पहिला धारदार, चौथा भरीव, सातवा मवाळ. पहिल्या दोन जागांमध्ये जितका फरक पडतो तितका सॉफ्टवेअरमधले कुठलेही बटण फिरवून मला कधी ऐकू आलेला नाही. सोबत एक रिबन माइक (पातळ धातूच्या पट्टीने आवाज टिपणारा) १२ सेंमीवर ठेवून वेगळा आयआर घेतला. रिबन पुढून आणि मागून सारखेच ऐकतो व जवळ नेल्यावर खालचा भाग फार फुगवतो, म्हणून हे अंतर. दोन्हींची पहिली उसळी एकाच दिशेला आहे ना, हे पाहून घेतले, कारण पोलॅरिटी उलटी राहिली तर मिश्रणात पोटच उरत नाही. मिसळताना मी दोन्ही फायली आपोआप मिनिमम फेज (सुरुवातीचा विलंब काढून टाकणारे रूपांतर) करून घेत नाही. प्रत्यक्ष माइकांमधला वेळेचा फरक आधी जसाच्या तसा ऐकतो, मगच सरकवतो. आणि ऐकण्यापूर्वी पातळी समान करतो, नाहीतर जो मोठा तोच बरा वाटतो.

पुढचे काम एक मीटरवरच्या माइकचे आहे. पहिला प्रयत्न फसला. स्पीकरचे केंद्र आणि माइक दोन्ही जमिनीपासून ५५ सेंमीवर होते. जमिनीवरून उसळून येणारा आवाज १.४९ मीटर चालतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा ४९ सेंमी जास्त, आणि १.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यामुळे ३५० हर्ट्झला खड्डा पडला, पुढे १०५० ला दुसरा. कॅबिनेट उंच ठेवले तर परावर्तन उशिरा येते आणि कापून टाकता येते, पण दीड मीटर उंचीवरही त्याआधी फक्त सहा मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात खालचा सगळा भाग हातचा जातो. म्हणून येत्या खेपेला उलटे करणार आहे: माइक थेट जमिनीला टेकवून आडवा ठेवायचा आणि कॅबिनेट खाली उतरवून किंचित पुढे झुकवायचे, म्हणजे थेट आणि परावर्तित आवाज जवळजवळ एकाच वेळी माइकवर येतील. झुकवण्यासाठी मागच्या कडेखाली घालायला लाकडाच्या दोन पाचरी कापून ठेवल्या आहेत.