लग्न गावानं बघितलं, पण दप्तरी नोंद कुठंय?

आमच्याकडं लग्न म्हणजे अख्ख्या गावाचं काम असतं. देवक बसतं, हळद होते, पंगतीवर पंगती उठतात, आहेराच्या वहीत पाच-पाच रुपयांची पण नोंद होते आणि ग्रामपंचायतीत जाऊन लग्नाची नोंद करा म्हटलं की "बघू की निवांत, कुठं पळून चाललंय" म्हणून तो विषय जो मागं पडतो तो वीस-वीस वर्षं मागंच राहतो. सातारा जिल्ह्यात मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता यावर सविस्तर लिहायचंच ठरवलं. पासपोर्ट-व्हिसासाठी धावपळ करणारी पोरं एक वेळ निभावून नेतात, दोघं हयात असतात, चार दिवसांत दाखला निघतो. खरे हाल होतात ते बाईचे, नवरा गेल्यावर.

माझ्या चुलतीचं उदाहरण देतो. काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, 1971 चं लग्न, पेन्शनीवर येऊन शेती केली आणि दोन वर्षांमागं गेले. फॅमिली पेन्शन काकीला मिळायला काही अडचण यायला नको होती, पण पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव हौसाबाई आणि आधारवर सुमन. आमच्याकडं जुन्या काळी लग्नात नवरीचं नाव बदलायचे हे सगळ्यांना माहितीये, माहेरचं सुमन, सासरचं हौसाबाई, आणि पुढं शाळेच्या दाखल्यावरनं आधार काढताना माहेरचंच नाव लागलं. आता हौसाबाई आणि सुमन एकच बाई हे सिद्ध करा असं एका ऑफिसात सांगितलं, ते पण असं की काकी समोर उभी असताना तिच्याकडं न बघता माझ्याशी बोलत होते. पंचेचाळीस-पन्नास वर्षं ज्या माणसाचा संसार केला त्याची बायको असल्याचा पुरावा मागितला गेला आणि काकी पदर तोंडाला लावून बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फौजी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखी गावंच्या गावं सैन्यात आहेत. सैनिकाचं लग्न झालं की त्याच्या युनिटमधनं पार्ट टू ऑर्डर निघते, त्यात बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख असते आणि ती सर्व्हिस रेकॉर्डला लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत तिकडं अर्ज केला, काकाच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतनं सुटताना मिळणारं पुस्तक, होतंच, त्यात पण बायकोच्या नावाची नोंद सापडली. ते लग्नाच्या नोंदीइतकंच जपून ठेवायचं बुक आहे, लोक ते माळ्यावर टाकतात. मग काकीच्या माहेरी, खानापूर तालुक्यात, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, लग्नपत्रिका, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडून फाइल गेली. लग्नपत्रिका कुठं सापडली तर आहेराच्या वहीत, हळदीचं बोट लागलेली, कडा खाल्लेली, पण त्यावर "चि. सौ. कां. सुमन" स्पष्ट वाचता येत होतं आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर मामांनी "हौसाबाईस पातळ" असं लिहिलेलं. दोन्ही नावं एकाच ठिकाणी. पेन्शन सुरू झाली, उशिरा झाली पण झाली.

आता प्रश्न पडेल की ग्रामपंचायतीत का नाही शोधलं. शोधलं की, पण 1971 ची नोंदच नव्हती. तेव्हा मुंबई विवाह नोंदणी कायदा होता, 1953 चा, पण खेड्यातली माणसं त्यासाठी उठून तालुक्याला कशाला जातायत. सध्याचा कायदा 1998 चा, लांबलचक नाव आहे, महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, तो 15 एप्रिल 1999 पासून लागू झाला आणि तेव्हापासून गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक झाले. त्यामुळं 1999 नंतरचं लग्न असेल तर शोधायला अर्थ आहे, त्याआधीचं असेल तर ग्रामपंचायतीत सापडायची आशा फार धरू नका, पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, शाळेचे उतारे असंच गोळा करावं लागतं. आणि कोतवाल बुकात बघा असं कोणी सांगितलं तर त्यात जन्म-मृत्यू असतात, लग्नं नसतात. कुणबी नोंदींसाठी सगळे ती बुकं चाळायला लागल्यापासनं हा गैरसमज लई पसरलाय.

शोधताना पहिलं ठरवायचं ते गाव. लग्न बऱ्याचदा नवरीच्या गावात नाहीतर तालुक्याच्या कार्यालयात लागतं आणि नोंद होते नवऱ्याच्या गावात, त्यामुळं माहेर, सासर दोन्हीकडं विचारा. लग्न कराड, वाई, फलटण असल्या ठिकाणी झालं असेल तर नगरपरिषदेतही बघा. गट ग्रामपंचायत असेल तर वाडीची नोंद मोठ्या गावच्या दप्तरात असते. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं तर कुठंकुठं जाऊन वसली, त्यांना आधी आत्ताचं गाव धरावं लागतं. कृष्णाकाठी 2019 च्या महापुरात कित्येक घरांतले कागद भिजून लगदा झाले, तिकडच्या लोकांनी तर नक्कल आजच काढून ठेवावी. आणि जुन्या कागदावर वाळवा, तासगाव, शिराळा तालुक्यातल्या गावापुढं जिल्हा सातारा दिसला तर गोंधळू नका, 1949 ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं, 1949 आधीचा कागद साताऱ्याचाच असणार.

साल आठवत नसेल तर हेळव्याला विचारा. आमच्या आणि सांगली-कोल्हापूर भागात हेळवी अजून येतात, घराण्याच्या पिढ्या वहीतनं वाचून दाखवतात, कोणाची लेक कुठं दिली ते पण सांगतात. सरकारी कामात त्याचा उपयोग नाही, पण साल आणि गाव मिळालं की रजिस्टर कुठलं उघडायचं ते कळतं. काकीच्या लग्नाचं साल आम्हाला तसंच पक्कं झालं, घरातले म्हातारे कोणी 70 म्हणत होते कोणी 72.

नवीन नोंदीचं काम अवघड नाही. नमुना ड चा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आधार, फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. लग्नाच्या दिवशीच, अक्षता पडल्यावर भटजी जेवायला बसायच्या आधी सही घेऊन टाका, नंतर ते कुठल्या लग्नात असतील सांगता येत नाही. 90 दिवसांच्या आत गेलं तर बरं, उशीर झाला तर जादा पैसे भरून होतं. पण दोघांच्या सह्या लागतात हे ध्यानात ठेवा, त्यातला एक गेला की हा रस्ता बंद. म्हणून माझं सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या जोडप्यांना सांगणं आहे की पोरांच्या लग्नाची वाट बघू नका, आधी स्वतःची नोंद करून घ्या.

हे पण सांगतो, गावात जो विवाह निबंधक तोच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलगी 18 आणि मुलगा 21 ची अट आहे, आणि भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, वयाचा दाखला बघून नोंद नाकारत असतील तर ते बरोबर करतायत, त्यांच्यावर सरपंचाकडनं दबाव आणू नका. असलं लग्न ठरत असल्याचं कळलं तर 1098 ला, म्हणजे चाइल्डलाइनला, फोन करा, मी केलाय आणि परत करीन.

आंतरधर्मीय असेल किंवा आंतरजातीय जोडप्याला तसंच हवं असेल तर विशेष विवाह कायदा 1954, त्यात विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस, 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. आंतरजातीय जोडप्यांना 50,000 रुपयांची प्रोत्साहन योजना आहे, त्यातल्या पात्र जोडप्यांनी अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा आणि त्याला विवाहाचा दाखला लागतोच. आणि नुसता दाखला काढून विधी नंतर करू असं काही पोरं करतात, ते करू नका, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसता दाखला म्हणजे लग्न नाही असं सुप्रीम कोर्टानं 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय.

दाखला मिळाला की तिथंच उभं राहून नावं वाचा, दोघांची, वडिलांची, आडनावाची वेलांटी-उकार सगळं, आणि सुनेचं नाव सासरी बदललं असेल तर राजपत्रात करून घ्या, तेव्हाच आधार, बँक, रेशनकार्ड एका नावावर आणा. आमच्या वाडीत नोंद नसलेल्या जोडप्यांची यादी करायला घेतलीये, काकीच घरोघर फिरतीये, बायकांना तिचंच पटतं. 1 मेच्या ग्रामसभेत भाऊसाहेबांकडं एक दिवस फक्त यासाठी मागणार आहे. अर्ज भरायला कोणाला मदत पाहिजे असेल तर संध्याकाळी सातनंतर घरी या.