बरगड्यांची वही : कासव पूर्ण, साप अर्धा, सरडा आराखड्यावर

कासव, साप आणि सरडा या तिघांच्या छातीचा पिंजरा एकाच मापाच्या कागदावर काढायचं काम गेले चार महिने चालू आहे. पद्धत तीच, ट्रेसिंग पेपरचे थर: तळाशी हाडं, त्यावर स्नायू, मग फुप्फुसं, सगळ्यात वर खवले. हाडांना तपकिरी शाई, फुप्फुसांना निळी पेन्सिल.

कासवावर ठरवल्याच्या दुप्पट वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. पहिल्या खेपेला हात सवयीने चालला आणि खांद्याचं हाड बरगड्यांच्या वर, बाहेरच्या बाजूला उतरलं. माणूस, मांजर, कबुतर, कोणाचंही घ्या, ते तिथेच असतं. पोटकवच काढून ठेवलेल्या सांगाड्याचा फोटो शेजारी ठेवला तेव्हा चूक कळली. कासवाचा खांदा बरगड्यांच्या आत असतो! गर्भात बरगड्या खाली छातीकडे न वळता पाठीच्या कातडीत आडव्या वाढत जातात आणि खांदा त्यांच्या छताखाली राहतो. मग त्याच बरगड्या आणि मणके हाडांच्या पत्र्यांशी एकजीव होऊन पाठकवच बनतं. म्हणजे कवच हे घर नाही, ती कासवाची स्वतःची पाठ आहे. ‘कासव कवचातून बाहेर येतं’ अशी चित्रं पाहिली की आता फार खटकतं.

त्यामुळे थरांचा क्रमच बदलावा लागला: आधी तीन फाट्यांचा खांदा, त्यावर बरगड्या. खांद्याची उभी कांडी वर पाठकवचाकडे जाते, दुसरा फाटा मध्यरेषेकडे वळतो आणि तिसरं चपटं हाड मागे सरकतं. हा कोन जमायला पाच कागद गेले.

दुसरी अडचण खवल्यांची. वरून दिसणाऱ्या रेषा म्हणजे केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्या पदार्थाच्या, खवल्यांच्या कडा. त्याखाली हाडांचे सांधे वेगळेच धावतात. बहुतेक कासवांत बाजूला हाडाचे पत्रे आठ जोड्या, तर त्यांच्यावर खवले फक्त चार जोड्या. रेषेवर रेषा क्वचितच पडते. विटा रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, मजबुतीचं तेच तत्त्व इथे आहे. दोन्ही थर प्रकाशपेटीवर एकत्र ठेवले तेव्हा जे दिसलं, त्यासाठी चार महिने घालवल्याचं समाधान आहे.

पण बरगड्या अशा जखडल्यावर श्वास कसा घ्यायचा? आपण छाती फुगवतो, कासवाला ते शक्यच नाही. त्याची फुप्फुसं पाठकवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि यकृत, जठर वगैरे त्यांच्या खाली. पोटाचे काही स्नायू ही आतडी-यकृताची गाठोडी वर दाबून हवा बाहेर काढतात, दुसरे ती खाली ओढून हवा आत घेतात. हा स्नायूंचा थर वेगळ्या कागदावर घेतला, नाहीतर फुप्फुसाची निळी रेघ झाकली जात होती.

आता साप. इथे बरगड्या पूर्ण मोकळ्या, खाली उरोस्थीच (छातीच्या मधलं हाड) नाही. एकेका जोडीचं टोक स्नायूंनी पोटाच्या खवल्याशी बांधलेलं. नाग, धामण यांसारख्या बऱ्याच सापांत धडाच्या भागात साधारण एका मणक्यामागे पोटाचा एक रुंद खवला येतो, म्हणून खवले मोजले तरी मणक्यांचा अंदाज लागतो. काढताना याचा फार उपयोग होतो. डावं फुप्फुस बहुतेक सापांत खुरटलेलं किंवा नाहीसंच झालेलं असतं. अजगरात दोन्ही असतात, डावं लहान. म्हणून मी अजगर निवडला.

फुप्फुसाचा पुढचा भाग रक्तवाहिन्यांनी भरलेला, मागचा नुसती पिशवी. ही पिशवी कशासाठी, याचा खुलासा बोआ सापांवरच्या 2022 मधल्या प्रयोगातून होतो. पुढच्या बरगड्या पट्ट्याने आवळल्या की साप मागच्या बरगड्या हलवतो आणि पिशवी भात्यासारखी हवा खेचते. भक्ष्याला विळखा घालताना किंवा गिळताना छातीचा पुढचा भाग अडकलेला असतो, तेव्हा हे कामी येतं. म्हणून निळ्या रंगाच्या दोन छटा वापरतोय, पुढे गडद, मागे फिकी. मागचा अर्धा भाग अजून रंगवायचा आहे.

सरड्याचं फारसं झालेलं नाही. धावताना त्याचं अंग डावी-उजवीकडे वळतं आणि वळवणारे स्नायू तेच, जे श्वासासाठी लागतात. त्यामुळे जोरात धावताना बऱ्याच सरड्यांना नीट श्वास घेता येत नाही, ते पळतात, थांबतात, पुन्हा पळतात. घोरपड मात्र गळा फुगवून-दाबून हवा फुप्फुसात ढकलते. म्हणून आराखड्यातला साधा सरडा बदलून घोरपडच घेणार आहे. तिच्या जिभेखालची हाडं आणि गळ्याचे स्नायू यांना जास्तीचा एक कागद लागेल. खालून पाहिलेला कोन कोणी काढला असेल, तर गळ्याचा थर हाडांच्या वर ठेवला की बाजूला वेगळा घेतला, ते जरूर सांगा.